कराला नोकरदार, हक्काला परकी? कंत्राटी कामाच्या दोन चौकटी

ओळीबाहेर
नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी ब्रिटनमध्ये एकाच क्लायंटकडे टेस्टिंगचं काम करतेय, स्वतःच्या लिमिटेड कंपनीतर्फे. करारात मी 'स्वतंत्र कंत्राटदार'. प्रत्यक्षात सकाळच्या स्टँडअप मीटिंगपासून रजेच्या कॅलेंडरपर्यंत सगळं त्यांच्या टीमसारखंच. लॅपटॉप त्यांचा, ईमेल त्यांचा, कामाचे तास त्यांचे.

आजवर माझं काम 'आयआर३५च्या बाहेर' धरलं जायचं (आयआर३५ म्हणजे कंत्राटदाराला करापुरतं नोकरदार धरायचं का हे ठरवणारा इथला नियम). मागच्या महिन्यात क्लायंटने नव्याने तपासणी केली आणि स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट, म्हणजे आत की बाहेर हे सांगणारा लेखी निर्णय, हातात ठेवलं: 'आत'. म्हणजे यापुढे आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) आधीच कापून पैसे येणार, नोकरदाराच्या पगारातून कापतात तसेच. नियम असेल तर कर भरेन, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी एचआरला विचारलं, मग भरपगारी रजा कधीपासून? आजारपणाचे पैसे? उत्तर एका ओळीचं आलं: तुम्ही आमच्या कर्मचारी नाही.

कर भरताना नोकरदार आणि रजा मागताना परकी, हे कायदेशीर आहे का? मला एक शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे आणि सहा आठवडे काम बंद राहणार आहे, म्हणून हे आता टाळता येत नाही. तुम्ही कुठल्याही देशात असा, असं काही झालं असेल तर लिहा.

दीपमाळ
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. वाचतेय. आणि शस्त्रक्रियेसाठी शुभेच्छा गं.

कलमदान
मी वकील नाही, पण कंत्राटदारांचं पेरोल बरीच वर्षं सांभाळलं आहे.

दुर्दैवाने उत्तर 'हो, कायदेशीर आहे' असंच आहे. तुम्ही दोन प्रश्न एक समजताय आणि घोळ तिथेच होतो. करासाठी ब्रिटनमध्ये दोनच खण आहेत: नोकरदार किंवा स्वयंरोजगारी. हक्कांच्या कायद्यात मात्र तीन आहेत: 'एम्प्लॉयी', 'वर्कर' आणि स्वयंरोजगारी. मधल्या 'वर्कर'ला किमान वेतन, वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा आणि भेदभावाविरुद्ध संरक्षण मिळतं. अन्याय्य बडतर्फीविरुद्ध संरक्षण आणि रिडंडन्सीचे (पदच रद्द झाल्यावर मिळणारे) पैसे हे मात्र फक्त 'एम्प्लॉयी'साठी. कराच्या कायद्याला हा मधला खण ठाऊकच नाही.

आयआर३५ हे निव्वळ कराचं हत्यार आहे. १९९९च्या अर्थसंकल्पावेळी इनलँड रेव्हेन्यूने काढलेल्या पत्रकाचा तो क्रमांक, नियम लागू झाले एप्रिल २०००पासून. सुरुवातीला आत की बाहेर हे कंत्राटदाराची कंपनीच ठरवायची. २०१७ला सरकारी क्षेत्रात आणि एप्रिल २०२१ला खासगी क्षेत्रातल्या मध्यम-मोठ्या कंपन्यांत ती जबाबदारी क्लायंटवर आली. ठरवताना चूक झाली तर कराचा बोजा आपल्यावर पडेल या धास्तीने बऱ्याच क्लायंटनी सरसकट 'आत' चे शिक्के मारले. 'आत' असण्याचा अर्थ इतकाच की कर नोकरदारासारखा भरा. रजेबद्दल तो कायदा चकार शब्द काढत नाही.

स्वैर
कटू बोलतो, राग मानू नये. गेली तीन वर्षं तुम्हाला दर तर कायम कर्मचाऱ्यापेक्षा जास्तच मिळाला ना? तो जास्तीचा दर म्हणजेच रजा, आजारपण आणि उद्या काम जाण्याची जोखीम यांची किंमत. मी तेरा वर्षं कंत्राटी काम करतोय आणि मला कुणाचा कर्मचारी व्हायचं नाही. दर महिन्याच्या बिलातला एक हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकतो, इन्कम प्रोटेक्शन विमा घेतलाय. मागच्या वर्षी दोन महिने घरी होतो, अडलं नाही. स्वातंत्र्यही हवं आणि रजाही हवी, हे जमत नाही.

ओळीबाहेर
स्वैर, राग नाही. पण स्वातंत्र्य कुठलं ते मला खरंच दाखवा. मला त्या काळात दुसरं काम घ्यायची मुभा नव्हती. सुट्टी घ्यायची तर दोन आठवडे आधी मंजुरी लागायची. चुकीच्या कामाची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करायची असं करारात आहे, पण एकदाही तसं झालं नाही, कारण काय करायचं ते रोज तेच सांगायचे. आणि 'आत' झाल्यावर दर तोच राहिला, हातात येणारी रक्कम मात्र घसरली. जोखमीची किंमत दरात होती म्हणताय, ती किंमत आता कापली गेली. जोखीम आहे तिथेच आहे.

दीपमाळ
शेवटच्या दोन वाक्यांना शंभर वेळा अनुमोदन.

खारफुटी
भारतातून लिहितेय. आमच्याकडे आयआर३५ नाही, पण दुखणं तेच. आमच्या संस्थेने एका वर्षी सगळ्या नव्या लोकांना 'रिटेनर कन्सल्टंट' म्हणून घेतलं. हजेरी बायोमेट्रिक, शनिवारचं कामही सक्तीचं, फक्त पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि दरमहा १० टक्के टीडीएस कापून पैसे. आम्हाला त्यात गैर वाटलं नाही, उलट हातात जास्त येतात म्हणून बरंच वाटलं.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यात सांगण्यात आलं की करार ३१ तारखेला संपतोय आणि पुढचा करायचा विचार नाही. शेजारच्या टेबलावरची, माझंच काम करणारी मैत्रीण जुन्या भरतीतली. तिला २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळाली. मला निरोपाचा ईमेल. मी तेव्हा भांडले नाही. कागदावर सही आपलीच आहे, मग काय बोलणार, असं वाटलं. आज तसं वाटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

जुनी_फाईल
खारफुटी, सही आपली असली तरी कोर्ट सहीपाशी थांबत नाही, हे तुम्हाला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

भारतात यावरचा पायाभूत निकाल मिठागरातल्या माणसांचा आहे. धरांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, नोव्हेंबर १९५६. मीठ पिकवणारे अगरिया हंगामापुरते यायचे, पिकवलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घ्यायचे, कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला स्वतःची माणसंही लावायचे आणि त्यांचे पैसे स्वतः द्यायचे. कंपनी म्हणाली, हे तर स्वतंत्र कंत्राटदार. न्यायालयाने पाहिलं की आगरांची आखणी कंपनीची, मीठ पसंत-नापसंत करणारी कंपनी, प्रत्येक टप्प्यावर देखरेख कंपनीची, आणि अगरिया स्वतः राबतात. मदतनीस ठेवले तरी जो स्वतः राबतो तो कामगारच, असा निर्णय झाला.

दुसरा १९७३चा, शिंप्यांचा, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस. तुकड्यावर पैसे, येण्या-जाण्याची वेळ पक्की नाही, काही जण कापड घरी नेऊन शिवायचे. तरी मशीन मालकाची आणि बिघडलेला कपडा परत उसवून द्यायला लावायचा अधिकारही मालकाचा, म्हणून ते कर्मचारी ठरले. नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही, हे त्या निकालाने ठासून सांगितलं. बायोमेट्रिक हजेरी देणारी कन्सल्टंट या शिंप्यांपेक्षा कितीतरी जास्त बांधलेली आहे.

हिशेबनीस
सीए आहे, कराची बाजू थोडी मांडतो. कलमं १९६१च्या आयकर कायद्यातली देतोय, २०२५च्या नव्या कायद्यात क्रमांक बदललेत.

पगार असेल तर कलम १९२, व्यावसायिक फी असेल तर १९४जे. दुसऱ्यात १० टक्के सरळ कापतात. याला लोक भुलतात ते ४४एडीएमुळे. ठरावीक व्यवसायांना, म्हणजे वकील, डॉक्टर, अभियंते, आर्किटेक्ट, लेखापाल, तांत्रिक सल्लागार वगैरेंना, जमेच्या ५० टक्के रक्कम नफा दाखवून बाकीच्याचा हिशेब न ठेवण्याची मुभा आहे. जमेची मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. पगारदाराला अशी सूट कुठली? त्यामुळे कंपनी 'कन्सल्टंट व्हा' म्हणाली की माणूस आनंदाने सही करतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा तरुणांपैकी एकालाही मी पीएफबद्दल आपणहून विचारताना पाहिलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण टीडीएस कुठल्या कलमाखाली कापला यावरून तुम्ही कर्मचारी आहात की नाही हे ठरत नाही. तो एक पुरावा आहे, निकाल नव्हे. जे लोक खरोखर एकाच ठिकाणी पगारी माणसासारखे काम करतात आणि ४४एडीए लावतात, त्यांना मी दर वर्षी सांगतो की आयकर खातंही उद्या 'हा पगारच आहे' म्हणू शकतं. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आली (काही राज्यांत १० लाख), तेही विसरतात.

स्वैर
जुनी_फाईल, अगरियांचा निकाल वाचला नव्हता, धन्यवाद. पण ते मिठागरात राबणारे लोक. लिमिटेड कंपनी काढून, हिशेबनीस नेमून, डोळे उघडे ठेवून काम घेणाऱ्याला तेच संरक्षण का द्यावं?

उंबरठा
अमेरिकेतून. स्वैर यांच्या प्रश्नाला इथलं एक उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये 'पर्माटेम्प' म्हणून ओळखले जाणारे लोक होते. वर्षानुवर्षं तिथेच काम, कागदावर फ्रीलान्सर. आयआरएसने, म्हणजे इथल्या कर खात्याने, तपासणी करून ते कर्मचारी आहेत असं ठरवलं. मग त्यांनी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर खरेदी योजनेसारख्या लाभांवर दावा लावला आणि २०००मध्ये ९.७ कोटी डॉलरची तडजोड झाली. ते सगळे शिकलेले, डोळे उघडे ठेवून सही केलेले लोक होते. सही करताना समोरचा मोठा असला की डोळे उघडे असून फारसा उपयोग होत नाही.

इथे डब्ल्यू-२ म्हणजे नोकरदार, १०९९ म्हणजे कंत्राटदार. १०९९वाल्याला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे स्वतः भरावे लागतात, मिळून १५.३ टक्के, आणि तिमाही अंदाजित कर वेगळा. ज्यांना वाटतं आपल्याला चुकीच्या रकान्यात टाकलंय त्यांच्यासाठी आयआरएसचा एसएस-८ हा फॉर्म आहे. तो भरला असेल तर रिटर्नसोबत ८९१९ जोडून फक्त आपला वाटा भरता येतो. मी स्वतः भरला होता. उत्तर यायला बराच काळ गेला, पण माझ्या बाजूने आलं. तिथलं काम मात्र तोवर गेलं होतं, हेही सांगायला हवं.

हक्कांच्या बाबतीत प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियाची एबीसी कसोटी सगळ्यात कडक: माणूस नियंत्रणातून मुक्त हवा, काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं, आणि त्याचा स्वतःचा प्रस्थापित व्यवसाय हवा. तिन्ही सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. २०१८चा डायनामेक्स निकाल, मग एबी५ हा कायदा २०२०च्या १ जानेवारीपासून. त्याच नोव्हेंबरमध्ये ॲपवरच्या चालकांना प्रपोझिशन २२ या जनमताने मंजूर झालेल्या कायद्याने वगळलं, तो भाग वेगळा.

टेकडीपल्याड
ऑस्ट्रेलियात तर एकच माणूस एका कायद्यात कंत्राटदार आणि दुसऱ्यात कर्मचारी असू शकतो, आणि कधीकधी ते त्याच्या फायद्याचं ठरतं. करार मुख्यत्वे तुमच्या श्रमासाठी असेल तर एबीएन (इथला व्यवसाय नोंदणी क्रमांक) असून, इनव्हॉइस देत असूनही तुम्ही सुपरअॅन्युएशनपुरते, म्हणजे निवृत्ती निधीपुरते, कर्मचारी. कंपनीने सुपर भरायलाच हवं, जुलै २०२५पासून १२ टक्के. कित्येकांना हे ठाऊक नाही. मला चार वर्षांनी कळलं आणि मागचं सगळं मिळवलं.

कोर्टाचंही इथे हेलकावत गेलं. २०२२मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) म्हटलं की लेखी करार खरा असेल तर त्यातल्या अटींवरून ठरवा. २०२४मध्ये संसदेने कायदा बदलला, ऑगस्टपासून पुन्हा 'प्रत्यक्षात काम कसं चालतं' हेच पाहायचं. दोन वर्षांत वारं उलटं फिरलं.

भरारी
@ओळीबाहेर, करारात 'बदली माणूस पाठवण्याचा हक्क' आहे का? आमच्या एजन्सीने सगळ्यांच्या करारात ते कलम घातलं आणि सांगितलं की आता कुणी तुम्हाला कर्मचारी ठरवू शकत नाही.

कलमदान
भरारी, नुसतं कलम असून भागत नाही. २०११च्या ऑटोक्लेन्झ प्रकरणात गाड्या धुणाऱ्यांच्या करारात ते कलम होतं. बदली माणूस कुणी पाठवत नव्हतं आणि पाठवेल अशी अपेक्षाही नव्हती. सुप्रीम कोर्टाने करार बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहिली. २०१८च्या पिमलिको प्लंबर्समध्ये बदली फक्त त्यांच्याच प्लंबरांपैकी देता यायची, ते खऱ्या बदलीत धरलं नाही. २०२१ला उबरच्या चालकांना ॲपवर हजर असल्यापासून 'वर्कर' मानलं.

उलट बाजूही सांगतो. २०२३मध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरूच्या रायडरांचा युनियनच्या हक्काचा दावा त्याच कोर्टात फेटाळला गेला, कारण तिथे रायडर खरोखर कुणालाही बदली पाठवू शकत होते आणि पाठवतही होते. कलम वापरात आहे का, एवढाच प्रश्न असतो.

शिट्टीवाला
अवांतर आहे, पण मला राहवत नाही. फुटबॉलच्या पंचांवरही हाच वाद सप्टेंबर २०२४ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. पंच सामन्यापूर्वी नकार देऊ शकतो, सामना चालू असताना त्याला कुणी हुकूम देऊ शकत नाही, मग तो नोकरदार कसा? कोर्ट म्हणालं, मध्येच हस्तक्षेप करता येणं गरजेचं नाही, आधीची नियमावली आणि नंतरची कारवाई यांचा धाक पुरतो. कर्मचारी आहेत की नाहीत याचा अंतिम निर्णय खालच्या ट्रिब्युनलकडे परत पाठवला. ज्याच्या शिट्टीवर बावीस जण थांबतात त्याच्यावरही कुणाचं तरी नियंत्रण असतं!

दीपमाळ
हे भारी आहे :) नवऱ्याला वाचून दाखवलं, तो रविवारी पंचगिरी करतो.

खारफुटी
कुणी ॲपवर काम करणाऱ्यांबद्दल लिहिलं म्हणून: भारतात सामाजिक सुरक्षा संहिता २०२० अखेर २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे, ॲग्रिगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे आहेत. पण व्याख्येतच म्हटलंय की हे काम पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचं. सुरक्षा थोडी मिळाली, कर्मचारी म्हणून ओळख नाही. मला त्यातली सुरक्षा स्वागतार्ह वाटते आणि ती व्याख्या टोचते.

स्वैर
खारफुटी, तुमचा अनुभव मी परत वाचला. सातव्या महिन्यात करार संपवणं ही जोखमीची किंमत नव्हे, तिथे माझा युक्तिवाद चालत नाही, मान्य. मला स्वातंत्र्य मिळालं कारण माझे चार क्लायंट होते आणि एखाद्याला नाही म्हणता यायचं. एकच क्लायंट असताना मी काय केलं असतं, माहीत नाही.

कलमदान
@ओळीबाहेर, आता मूळ प्रश्नाकडे. तीन वाटा दिसतात.

एक, त्या स्टेटमेंटवर लेखी हरकत घ्या. क्लायंटला ४५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. पण नीट विचार करा: तुम्ही वर जे वर्णन केलंय त्यावरून 'आत' हे मला बरोबरच वाटतं.

दोन, अंब्रेला कंपनीत जा, म्हणजे कंत्राटदारांना स्वतःच्या पेरोलवर घेऊन क्लायंटकडे काम करू देणाऱ्या कंपनीत. तिथे तुम्ही खरोखर कर्मचारी होता, रजा आणि वैधानिक आजारपणाचे पैसे मिळतात. फक्त मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, सध्या १५ टक्के, तोही तुमच्याच दरातून जातो. आकडा हातात घेऊन ठरवा.

तीन, 'मी वर्कर आहे' असा दावा ट्रिब्युनलमध्ये. कराचा निर्णय तिथे बंधनकारक नाही, पण तुमच्याच क्लायंटने लिहून दिलेलं ते स्टेटमेंट वाचायला तिथे कुणाची हरकत नसते. मधे तुमची स्वतःची कंपनी असल्याने हे कठीण जातं, आणि मुदत फार थोडी असते. आधी एकॅसला (नोकरीच्या तंट्यांत सल्ला देणारी सरकारी संस्था) फोन करा, फुकट आहे.

ओळीबाहेर
दहा दिवसांनी येतेय, सगळ्यांचे खूप आभार. एकॅसशी बोलले. हरकत घेतली नाही, कारण कलमदान म्हणतात ते खरं आहे, मी 'आत'च आहे. उलट तेच स्टेटमेंट घेऊन मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, तुम्हीच लिहिलंय की मी कर्मचाऱ्यासारखी काम करते, तर मला मुदतीच्या करारावर पेरोलवर घ्या. दर खाली येणार हे मान्य केलं. मुदतीच्या कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी वागणूक देता येत नाही, २००२पासून तसा नियम आहे, तोही छापून नेला होता.

काल होकार आला, अठरा महिन्यांसाठी. कंपनीची आजारपणाची योजना पहिल्या दिवसापासून लागू. शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळायची आहे.

आधीच्या तीन वर्षांच्या रजेचं काय, यावर ते गप्प आहेत. मी अजून नाही.

खारफुटी
ती तीन वर्षं सोडू नकोस. कॅलेंडरचे स्क्रीनशॉट आणि मंजुरीचे ईमेल आजच, लॅपटॉप बदलायच्या आत, स्वतःकडे काढून ठेव. माझे सगळे त्यांच्या सर्व्हरवरच राहिले.

जुनी_फाईल
काढण्याआधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाच. क्लायंटच्या कामाची कागदपत्रं नकोत, फक्त तुझ्या रजेची आणि तासांची. नोंद तारीखवार ठेव.

ओळीबाहेर
आता तेच करतेय.